डोंबिवलीची कायमची पेशंट

मी शेवंती बोलतेय. ओठ न हलवता बोलतेय म्हणून दचकू नका. माझे ओठ रंगवलेले आहेत, हलवले तर रंग उडेल. मी कापडाच्या दुकानातली डमी. म्हणजे पूर्वी होते. सध्या माझा मुक्काम डोंबिवली पूर्वेला, निशिगंधाबाईंच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर असतो. तिथे मी उताणी पडलेली असते आणि आजारी असते. कधी अपेंडिक्स, कधी दमा, कधी मूतखडा. मला अजून झाला नाही असा रोग पुस्तकातच शोधावा लागेल. तब्येत मात्र पहिल्यापासून ठणठणीत आहे, नजर न लागो.

माझा जन्म कल्याणजवळच्या एका कारखान्यातला. फायबरचा लगदा साच्यात ओतायचा, वाळला की घासायचा, वर रंग मारायचा, झाली बाई तयार. एका साच्यातून आम्ही कितीतरी जणी निघालो, सगळ्यांची नाकं सारखी, उंची सारखी. भुवया तेवढ्या हाताने काढतात. माझ्या भुवया काढताना कारागिराला कुणीतरी चहाला हाक मारली आणि माझी डावी भुवई जरा वर गेली. तेव्हापासून माझ्या चेहऱ्यावर 'अस्सं? मग पुढे?' असा भाव कायमचा बसला. मला तो आवडतो. समोरच्याला वाटतं, ही बाई लक्ष देऊन ऐकतेय.

कल्याणहून मला सहदेवशेठनी उचललं. त्यांचं ठाण्याला कोपरीत साड्यांचं दुकान होतं. शेठना प्रत्येक डमीला नाव लागायचं, नाहीतर कामाच्या मुलींना 'हिला ती नेसव, तिला ही नेसव' सांगताना घोळ व्हायचा. मी शेवंती झाले. काय थाट होता माझा! आज इरकल, उद्या नारायणपेठ, लग्नसराईत भरजरी शालू. बायका यायच्या, माझा पदर दोन बोटांत धरून चोळून बघायच्या, भाव विचारायच्या आणि 'बघू, येते हं' म्हणून निघून जायच्या. त्या परत येत नाहीत हे शेठना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी 'येते हं' म्हणायचंच. माणसांचा हा गोडवा मला तेव्हापासून कळायला लागला.

मग फॅशन बदलली. बिनडोक्याच्या डमी आल्या. खरंच सांगते, मानेच्या वर काहीच नाही! शेठच्या मुलांना त्या मॉडर्न वाटायच्या. मला पोटमाळ्यावर टाकलं, रिकाम्या खोक्यांच्या मागे. माझ्या उजव्या हाताची करंगळीही तेव्हाच तुटली. अंधारात मी खूप दिवस काढले. एकटेपणा वाटला का विचाराल तर हो, वाटला. ज्या बाईला रोज शंभर जणी न्याहाळायच्या, तिच्याकडे आता पालीसुद्धा बघेनात.

तिथून मला सोडवलं निशिगंधाबाईंनी. बाई डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या हॉस्पिटलात होत्या तेव्हाची गोष्ट. एक शिकाऊ डॉक्टर मुलगा रोज त्यांची विचारपूस करायचा. मराठीत इतकं नीट समजावायचा की बाई खूश. पण मोठे डॉक्टर राउंडला आले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं की तो गप्प. सगळं येत असून गप्प. बाईंना ते बघवेना. घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, मराठी शाळेतून मेडिकलला गेलेल्या मुलांसाठी रविवारी वर्ग घ्यायचा. वर्गाला पेशंट हवा. सहदेवशेठ त्यांचे जुने दुकानदार. बाई साडी घ्यायला गेल्या आणि मला घेऊन आल्या.

बाईंचा वर्ग मजेशीर असतो. फळा नाही, बाकं नाहीत. खोलीत शिरताना प्रत्येकाने आधी माझ्याजवळ यायचं, 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, मला कसं वाटतंय ते इंग्रजीत विचारायचं आणि मगच सतरंजीवर बसायचं. माझ्या उशाशी एक पाटी असते, त्यावर त्या रविवारचा माझा आजार मराठीत लिहिलेला. 'छातीत धडधडतं.' 'पायाला मुंग्या येतात.' मुलांनी माझ्या वतीने तो इंग्रजीत सांगायचा. मुंग्यांच्या दिवशी एकाने 'अँट्स आर कमिंग टू हर लेग' म्हणून माझ्या पायावर खऱ्याखुऱ्या इंग्रजी मुंग्या सोडल्या होत्या. बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या.

पण बाईंचं शिकवणं ऐकत राहावं असं. त्या म्हणायच्या, "आपल्या मराठीत दुखणं नुसतं दुखत नाही रे. ठणकतं, सळकतं, टोचतं, जळजळतं. इंग्रजीतही आहेत तसे शब्द. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, सळक म्हणजे शूटिंग, टोचणं प्रिकिंग, जळजळ बर्निंग. पेशंट काय म्हणाला ते नीट ऐका, म्हणजे शब्द सापडेल."

आणि व्याकरण? मुलं म्हणायची, 'शी इज हॅविंग पेन सिन्स थ्री डेज.' बाई माझ्या पोटावर हात ठेवून सांगायच्या, "हिचं दुखणं मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे. त्यासाठी इंग्रजीत वेगळा काळ आहे. शी हॅज हॅड पेन फॉर थ्री डेज. पेशंट माणूस याच काळात राहत असतो बाबांनो, त्याला तिथे जाऊन भेटा." असं व्याकरण सांगितल्यावर कोण विसरेल? मी तर नाही विसरले.

या वर्गात कल्पिता आली. जवळच्याच भोपर गावची, आगरी घरातली. तिचे वडील आनंदा. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता त्याच जागेवर त्यांची चार मजली बिल्डिंग आहे. कल्पिता ठाण्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या दिवशी ती माझ्याजवळ उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं आणि जाऊन बसली. खोपटचा मयूर, वर्गातला बडबड्या, तिला म्हणाला, "अगं, लोड नको घेऊ. डमी आहे ती, उठून मारणार थोडीच?" कल्पिता हसली नाही.

लिहायला सांगितलं की ही मुलगी पानं भरायची. एक शब्द चुकायचा नाही. एकटी असली तर माझ्या कानाशी पुटपुटायची, तेसुद्धा बिनचूक. पण चार माणसांसमोर उभं केलं की घसा बंद.

तिच्यावर ओझं कसलं होतं ते मला हळूहळू कळलं. मेडिकलला नंबर लागला त्या दिवशीच तिच्या वडिलांनी गावच्या नाक्यावर भलामोठा बॅनर लावला होता. 'आमची लाडकी डॉ. कल्पिता हिचे हार्दिक अभिनंदन!' मध्ये कल्पिताचा फोटो, गळ्यात कॉम्प्युटरवर चिकटवलेला स्टेथोस्कोप, खाली गॉगल घातलेले सगळे काका-मामा. अजून कॉलेजची पायरी चढली नव्हती आणि पोरगी डॉक्टर झाली! दुसऱ्या दिवसापासून ओटीवर रांग. कुणाचा गुडघा, कुणाचं पित्त, एकाची तर म्हैस. "गाव मला डॉक्टर म्हणतं आणि वॉर्डात मला नाव सांगता येत नाही," ती एकदा बाईंना म्हणाली.

मग ती वॉर्डातली परीक्षा झाली. पेशंटशी बोलायचं मराठीत आणि सरांसमोर उभं राहून त्याची सगळी हकिगत सांगायची इंग्रजीत. पेशंटशी ती छान बोलली. सर आले, मागे सगळी बॅच उभी राहिली आणि कल्पिताच्या तोंडून 'सर'च्या पुढे शब्द फुटला नाही. सरांनी थोडं थांबून सांगितलं, पंधरा दिवसांनी पुन्हा ये.

रविवारी वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली. "बाई, या वेळी नाही जमलं तर मी मेडिकल सोडणार. पप्पांना सांगणार."

"सोडून काय करशील?"

"माहीत नाही. पण सगळ्यांसमोर परत तसं मुकं उभं राहणार नाही मी."

रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हे इतक्या शांतपणे बोलली की मी खरीच आजारी पडले असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस शेवंतीला घरी घेऊन जा. रोज तिची केस सांग."

मला न्यायला खुद्द आनंदा आला, भली मोठी काळी गाडी घेऊन. मी वाकत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सीटवर बसवायचा खूप प्रयत्न झाला. शेवटी माझे हात काढून मागे ठेवले आणि मला आडवी घातली, डोकं आनंदाच्या बाजूला, पाय खिडकीबाहेर. मानपाड्याच्या सिग्नलला ट्रॅफिक पोलीस आला. आनंदा म्हणाला, "पेशंट हाय साहेब." पोलिसाने माझ्या भुवईकडे बघितलं आणि गाडी सोडून दिली.

भोपरच्या घरी लग्नाची गडबड होती. कल्पिताच्या चुलतभावाचं लग्न. अंगणात मांडव, खुर्च्यांच्या थप्प्या, बायकांची ये-जा. कल्पिता मला वरच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि माझी केस सांगायला लागली. काय सांगू तुम्हाला, सुंदर बोलायची! 'पेशंट वॉज अपरंटली ऑलराइट' इथून सुरू. मेडिकलची सगळी मुलं इथूनच सुरू करतात. चार दिवसांपूर्वीपर्यंत पेशंट बरा होता, म्हणजे दिसायला तरी. मग ताप होता का, उलटी होती का, खोकला होता का. मी भुवई उंचावून ऐकत होते. मनात म्हटलं, पोरगी पास.

तेवढ्यात दारावर थाप. "दार उघर गो पोरी!"

ती हौसाबाई होती, कल्पिताची आजी. आणि हौसाबाई साधीसुधी आजी नाही, ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात सगळे विधी ही बाई गाण्यातून लावते. मांडव घालण्यापासून वरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं, म्हणजे धवला, सगळं तोंडपाठ.

आजीने आत येऊन मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनाशी बोलतंस?"

"पेशंटशी."

"मंग पेशंट काय बोलली?"

"आजी, ती डमी हाय. ती काय बोलनार?"

"जी बोलत नाय तिच्याशी बोलून तुजी भीती कशी जाल? मांडवात ये."

मला लागलं ते. सरळ सांगते, लागलं. एवढे रोग अंगावर काढले आणि ही बाई म्हणते माझा उपयोग नाही! पण पुढच्याच क्षणी तिने कल्पिताला हुकूम सोडला, "हिला पन खाली आन. पावनी हाय." मग माझा राग गेला.

हळदीचा दिवस होता. दुपारी मांडवात बायका गोल करून बसल्या होत्या. मला एका खांबाला टेकवून उभं केलं. कुणीतरी हळूच माझे हात बसवले, कुणी पदर सारखा केला. हौसाबाईने धवला सुरू केला. ती एक ओळ म्हणायची, थांबायची आणि बाकीच्या बायका तीच ओळ मागून उचलायच्या. ती उचलली गेली की मगच पुढची. अशी ओळीमागून ओळ, घाई नाही. मागच्यांना 'मागं धरणाऱ्या' म्हणतात. त्यांच्या आधाराने पुढची बाई दिवसभर गाते आणि थकत नाही.

एक गाणं संपलं. हौसाबाई कल्पिताकडे वळली. "आता तू बोल. तुजी ती इंग्रजी."

"आजी! येडी झालीस का?"

"बोल तं खरं. आमी मागं धरतो."

कल्पिताचा चेहरा पडला. मांडवातल्या सगळ्या काक्या, माम्या, वहिन्या तिच्याकडे बघत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. माझी भुवई वर होतीच. ती पुटपुटली, "पेशंट वॉज अपरंटली ऑलराइट..."

"पेशंट वाज अपरनली आलराऽऽइट," मांडव गायला लागला. थेट धवल्याच्या चालीत! कल्पिता दचकली. पुढचं वाक्य तिने भराभर सांगून टाकलं. मागच्यांचा गोंधळ झाला. हौसाबाई ओरडली, "दम धर गो! मागच्यांनी वल उचलली का बग, मंग पुरची बोल."

कल्पिता थांबली. श्वास घेतला. "देअर इज नो हिस्टरी ऑफ फीवर."

"देअर इज नो हिस्टरी ऑफ फीवऽऽर."

"नो हिस्टरी ऑफ व्हॉमिटिंग."

"नो हिस्टरी ऑफ वामिटिंऽऽग."

एक काकू मध्येच म्हणाली, "म्हंजे काय?"

"ताप नाय, उलटी नाय."

"खोकला?"

"तो पन नाय."

"मंग हिला झालंय तरी काय? कामाचा कंटाला?" आणि मांडव खो खो हसला. कल्पिताही हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी काढत. मग उभी राहिली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि मोठ्या आवाजात पुढची ओळ सोडली. चुकली, पुन्हा म्हणाली. बायकांना तिची चूक कळत नव्हती, त्यांनी ती चुकीची ओळही तितक्याच प्रेमाने उचलली आणि दुरुस्त केलेलीही. आनंदा मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकत होता. इंग्रजी त्याला फारसं कळत नाही, पण मुलीचा आवाज रस्त्यापर्यंत जातोय हे कळत होतं. तो आचाऱ्याला काहीतरी सांगायला आला होता, ते विसरूनच गेला.

शेवटी नवऱ्या मुलाला हळद लागली. वाटीत थोडी उरली होती. हौसाबाई माझ्याजवळ आली, म्हणाली, "पावनी कोरी कशी जाल?" आणि माझ्या दोन्ही गालांना, कपाळाला हळद फासली. दुकानात मी लग्नाचे किती शालू नेसले असतील! पण हळद मला कुणी लावली नव्हती. मला रडता आलं असतं तर त्या दिवशी रडले असते, सुखाने.

लग्न आटोपल्यावरही रोज दुपारी कल्पिताचा धवला चालूच राहिला. कधी चार बायका, कधी दहा. हृदयाची केस झाली, यकृताची झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी भाजीवाली टोपली उतरवून मागं धरायला बसली.

परीक्षेनंतरच्या रविवारी ती मला परत घेऊन वर्गात आली. या वेळी माझे पाय गाडीच्या आत होते, तिच्या वडिलांनी एक सीट काढून घेतली होती. बाई, मयूर, बाकीची मुलं, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"झालं," ती म्हणाली. "पास."

"अरे, नीट सांग ना! काय झालेलं?" मयूर ओरडला.

"सर आले. मागे बॅच उभी. पहिलं वाक्य बोलले आणि सवयीने थांबले. बाई, मी ना, मागून ओळ येते का वाट बघत होते. कुणी काही म्हणालं नाही. पण तेवढ्यात मला मांडवातला आवाज आठवला आणि पुढचं वाक्य आलं. प्रत्येक वाक्यानंतर तशीच थांबत गेले. सरांनी मध्ये एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी अर्धं चुकवलं, पण बोलत राहिले. शेवटी सर म्हणाले, तू किती शांतपणे बोलतेस, ऐकणाऱ्याला वेळ देतेस, कुणी शिकवलं?"

"मग काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"माय ग्रँडमदर, सर."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. तो अजिबात मळलेला नव्हता.

माझं विचाराल तर माझ्या गालावरची हळद काही जात नाही. फायबरला हळद लागली की ती कायमची. बाईंनी साबण लावायला सक्त मनाई केली आहे. आणि मीही आता मोठेपणा करत नाही. मी नुसतं ऐकते, माणसं ऐकून उत्तर देतात, एवढा फरक मला भोपरला कळला. त्यामुळे मला कमीपणा वाटत नाही, उलट मोकळं वाटतं. तुम्ही कुणी माझ्यासारख्या मुक्या बाईसमोर, आरशासमोर नाहीतर भिंतीसमोर पाठ करत बसला असाल तर जरूर करा, पण मग दार उघडा आणि माणसांत जा. माझं मागणं एवढंच आहे.

गेल्या रविवारी शहापूरकडची एक नवीन मुलगी आली, दर्शना नावाची. माझ्याजवळ उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मी ओळखलं तिला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, माझे पिवळे गाल, पिवळं कपाळ, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, द पेशंट इज यलो."

मागच्या सतरंजीवर कल्पिता बसली होती. तिने ती ओळ उचलली, "द पेशंट इज यलोऽऽ." मग मयूरने उचलली, मग सगळ्या खोलीने. दर्शना आधी घाबरली, मग मागे वळून बघितलं, सगळे तिची वाट बघत होते. तिने दम घेतला आणि पुढची ओळ म्हणाली.